चौथ्या वळणावरून परत

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरच. प्रत्यक्षात हल्ली चपलेचा पट्टा लावायचा तरी मी आधी दोन श्वास शिल्लक टाकतो.) गुडघा काय म्हणतो? कान तसाच असेल, म्हणून त्याची चौकशी करत नाही. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. पण तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला दम पुरत नाही. मागच्या वेळी आपण पंधरा मिनिटं फोनवर होतो, त्यातली बारा तू 'कोण बोलतंय' विचारण्यात घालवलीस आणि शेवटी 'चुकीचा नंबर' म्हणून ठेवून दिलास. सख्ख्या भावाला.

तर सांगायचं ते असं, की मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. आधी कळवलं नाही, कारण तू 'येऊ नकोस, तुला झेपणार नाही' असं लिहिलं असतंस, आणि तुझं ऐकायची मला वाईट खोड आहे. सात वर्षं झाली गं तुला बघून. भावोजी गेले तेव्हा मी इकडे दवाखान्यात तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा बांधून पडलो होतो. सगळे येऊन गेले, मीच तेवढा आलो नाही. नंतर तुझं पत्र आलं, की ज्या रस्त्यानं यांना खाली नेलं त्या रस्त्यानं मी पुन्हा उतरणार नाही. ते पत्र मी दोन वर्षं उशाशी ठेवलंय. तू उतरणार नाहीस म्हटल्यावर चढायचं मलाच होतं, एवढा साधा हिशोब समजायला मला दोन वर्षं लागली. (सुताराचं डोकं. मोजमाप पक्कं, पण वेळ लागतो.)

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला सहा मिनिटं दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवलं, नळीत फुंकायला लावलं, आणि म्हणाल्या, फुप्फुसात चाळीस वर्षांचा भुसा आहे, पण नीट तयारीनं गेलात तर जाऊन याल. मग त्यांनी तुझ्या गावाची उंची विचारली. आता तुला म्हणून सांगतो, ती मी जरा दाबून सांगितली. बाकीचे लोक वय चोरतात, मी डोंगर चोरला.

तयारी सूनबाईनं केली. ती गोदामात मालाच्या याद्या ठेवते, त्यामुळे घरातही यादीशिवाय पान हलत नाही. औषधं पेटीत नाही, हातातल्या पिशवीत. ओढायचे पंप दोन, वेगवेगळ्या खिशांत, म्हणजे एक कोट हरवला तरी दुसरा खिसा उरतो. (खिसे दोन्ही एकाच कोटाला होते, हे मी तिला सांगितलं नाही.) डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीच्या तीन प्रती. ऑक्सिजनच्या मशीनच्या बॅटऱ्या प्रवासाच्या दुप्पट वेळ पुरतील एवढ्या. फ्लूची लस महिनाभर आधीच. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा दोरीनं गळ्यात, शाळेतल्या ओळखपत्रासारखा. मुलगा सोबत येतो म्हणाला, पण मी नको म्हटलं. तुझ्या दारात मला कुणाच्या हाताला धरून उभं राहायचं नव्हतं. गर्व म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

स्टेशनवर पहाऱ्यावरच्या माणसानं पिशवी अडवली आणि आत काय आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, हवा. तो म्हणाला, हवा तर इथेही आहे. मी म्हणालो, ही तुमच्यासाठी आहे, माझी पिशवीत आहे. त्यानं तिन्ही प्रती वाचल्या, दोनदा माझ्याकडे बघितलं आणि शेवटी पिशवी स्वतः उचलून डब्यापर्यंत आणली. गाडीत शेजारी एक म्हातारी होती. मशीन दर श्वासाला फुस्स करतं, ते ऐकून ती तासभर माझ्या पिशवीकडे प्रेमानं बघत होती आणि मग हळूच वाटीभर दूध घेऊन आली, मांजराला. मांजर नाही, माझा श्वास आहे, हे समजावताना मलाच धाप लागली. तिचं दूध वाया जाऊ नये म्हणून मी प्यायलो. समोरच्या तरुणानं मात्र माझी बॅटरी प्लगवरून काढून आपला फोन चार्जिंगला लावला होता. मी चिठ्ठीची तिसरी प्रत त्याच्या हातात दिली. तो इतका ओशाळला, की उरलेला प्रवास त्या प्लगवर हात धरून बसला.

गाडीपर्यंत सगळं छान झालं. मग तुझ्या डोंगराची बस. पहिल्या वळणावर चिमट्यात ब्याण्णव, दुसऱ्यावर एक्याण्णव, तिसऱ्यावर सत्त्याऐंशी. पुढे मी बघायचं सोडून दिलं. (बघितलं नाही की आकडा उतरत नाही, अशी माझी समजूत.) चौथ्या वळणावर कंडक्टरबाई तिकीट द्यायला आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. ओठ निळे झाले होते म्हणे. मी शाई लागल्याचं सांगितलं. त्या काही फसल्या नाहीत. त्यांचे वडील दगडाच्या खाणीत होते, त्यामुळे बाईंना हे ओठ माहीत होते. त्या शेजारी बसल्या, माझा हात हातात घेतला आणि दिव्यावर फुंकर मारल्यासारखा हळूहळू श्वास सोडायला लावला. थोडा श्वास आल्यावर मी एकच विचारलं.

"अजून किती वळणं?"

"एकवीस," त्या म्हणाल्या. "काका, वर कोण आहे तुमचं?"

मी म्हणालो, "बहीण." आणि मग मला खोकला आला, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं त्याला खोकला म्हणायचं आम्ही दोघांनी ठरवलं.

वरून येणारी बस त्यांनी थांबवली आणि मला तिच्यात बसवलं. ड्रायव्हरनं पिशवी मांडीवर दिली तेव्हा मशीन फुस्स करत होतं आणि तुझा डोंगर मागच्या काचेतून लहान होत गेला. खालच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी तपासलं, सगळं विचारून घेतलं आणि वर जायचं नाही, असं अगदी नम्रपणे पण तीनदा सांगितलं. आता आकडा त्र्याण्णव आहे, भूक लागते, काळजी नसावी.

ताई, मला तुझ्याशी महत्त्वाचं असं काही बोलायचं नव्हतं. तू शिवणयंत्रावर बसावंस, मी तुझ्या शिलाईच्या दुकानातल्या बाकावर, आणि तू मान वर न करता 'कात्री दे' म्हणावंस, एवढंच डोक्यात होतं. वाटेत सारखं तेच. भावोजींबद्दल मला दोन शब्द नीट बोलता आले नसते, पण कात्री मी नीट दिली असती. लहानपणी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचो आणि तू दप्तरं सांभाळत खालून ओरडायचीस, 'थांब रे वाऱ्या, मला येऊ दे.' तेव्हा मी एकदाही थांबलो नाही. ते आता फार आठवतं.

गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
वाऱ्या
(नाव तेच राहू दे.)

ता. क. घरी मी कळवलंय, की मी तुझ्याकडे सुखरूप पोहोचलो आणि तू खूप लाड करते आहेस. सूनबाईचा फोन आला तर तसंच सांग. ऐकू आलं नाही तरी सांग.

ता. क. २. पाकिटावर टपालाचं तिकीट नाही म्हणून चिडू नकोस. हे पत्र त्याच कंडक्टरबाई हातोहात आणून देताहेत. मी घरी गेलोच नाही. डोंगराच्या पायथ्याशी, बसस्थानकासमोरच्या लॉजमध्ये, तळमजल्यावर आहे. प्लग चांगला आहे, दवाखाना दोन दारं सोडून आहे. परवा सकाळपर्यंत थांबायची परवानगी आहे.

ता. क. ३. बाईंची बस उद्या दुपारी एकला वरून सुटते. तुझ्यासाठी त्यांनी डोंगराच्या बाजूची जागा धरलीय, दरी दिसणार नाही. नको वाटलं तर येऊ नकोस, मी समजेन. पण डॉक्टरांना विचारून ठेवलंय, दुसऱ्या वळणावरच्या थांब्यापर्यंत मला मशीनसकट यायला हरकत नाही. तिथे एक बाक आहे. उद्या दुपारी मी त्यावर असेन. सगळी मिळून पंचवीस वळणं आहेत, ताई. तेवीस तू उतर, दोन मी चढतो.