पलीकडं बांधलेला डोंगा

दादा,

धरणाच्या पाण्यात आपली टेकडी बेट झाली, सारे निघून गेले, तवा तूच बेलभंडारा उचलून म्हटलं होतं, "निघीन त मायले अन् कोकिळाले घेऊनच."

पोळ्याच्या आदल्या सांजेले मी बैलाइचे खांदे मळले. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," म्हटलं. सकाळी तू म्हणाला, तोरण पलीकडच्या गावात आहे, मिरवून सांजेले आणतो. दोन डोंगे बांधून फळ्या ठोकलेल्या, तरी जोडी चढे ना. मग मीच पुढं झाली, मानेवर हात फिरवून त्याइले वर घेतलं. डोंग्यावरच्या गाडीत कडब्याखाली आपलं जातं दिसलं. मले वाटलं, पाथरवटाकडं टाकी लावाले नेऊन राह्यला. गाडीशेजारी बसलेली वहिनी माह्याकडं पाहतच नव्हती.

पुरण आंबलं. तोच जोडडोंगा पलीकडं बाभळीले बांधलेला दिसते. टपालही त्याच्यानंच जाते, म्हणून हे पत्र इथंच राहील.

बैल रोज पाण्यावर येतात, इकडं तोंड करून हंबरतात. माय तुही वाट पाहत विचारते, "कडूबा आला काय वं?"

मी सांगते, "नाही माय, बैल आहेत. आवतण त्याइच्या ध्यानात आहे."

तुही जोडी चढवून देणारी,
कोकिळा