सभेच्या खिडक्या

डेट्रॉइट, जानेवारी

प्रिय क्लोतिल्दताईला धाकटीचा नमस्कार,

मी ठणठणीत आहे, गुडघाही गप्प आहे. तिकडे लुईझियानात गंबो सूपचं पातेलं आता कोण ढवळतं?

इथे मोटारींचे कारखाने गेले, आता माझ्या नातीची, इनेझची शाळा बंद करायला निघालेत. वर्ग गरम ठेवणारा बॉयलर बिघडलाय, पोरगी कोट घालून गणितं सोडवते. काल शाळामंडळाच्या सभेत मी तेच सांगत होते, तर दोन मिनिटांत माइक बंद!

"आजी, वेळ संपली," अध्यक्ष म्हणाला.

"बाळा, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला माइकशिवाय बोलायला शिकवलंय," म्हणत मी खिडकी उघडली. बाकीच्या आज्यांनी उरलेल्या उघडल्या. मंडळ कुडकुडलं आणि निर्णय पुढे ढकलून पळालं.

पुढची सभा फेब्रुवारीत आहे. तेव्हाही इथे बर्फच असतं.

तुझी तापट,
ओडेट