पलंगाची दोन बाकडी

दि. १२ जानेवारी

श्रीमती विहीणबाई यांस,

स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता. पत्रात ती सोय नाही, म्हणून पत्र.

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा तुम्ही विचारलं होतं की आता मी कुणावर ओरडणार. त्याचं उत्तर सापडलंय. मी लाकडाला हात घातलाय. मोठ्या इस्पितळात बाहेरगावच्या पेशंटांचे नातेवाईक जिन्यात झोपतात. त्यांच्यासाठी निवास बांधायचाय, आणि त्या निधीसाठी एप्रिलमध्ये सभागृहात जुन्या लाकडी सामानाची विक्री आहे. लोकांनी टाकलेलं आणायचं, घासायचं, जोडायचं, रंगवायचं. मी व्हिडिओ पाहून शिकतेय. सुतार लोक इतकी वर्षं उगाच भाव खात होते, असं माझं मत झालंय.

पहिली खुर्ची तयार आहे. स्क्रू जरा लांब निघाले आणि बैठकीतून वर डोकावले. ते आधी आमच्या ह्यांच्या लक्षात आलं, मग माझ्या. पँट रफू करायला दिली आहे.

तुमच्या जावयाचं कौतुक सांगायचं राहिलंच. माझं काम ऐकून त्याने स्वतःच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या पाठवल्या. असे मुलगे हल्ली कुठे मिळतात.

प्रकृतीला जपा. लोभ आहे तो वाढावा, तासून कमी होऊ नये.

आपली,
विहीण


दि. २० जानेवारी

सौ. विहीणबाई यांस,

स. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर मी तुम्हाला तोडते हे खरं आहे. आता तुम्ही लाकडं तोडताय, म्हणजे फिटंफाट झाली.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असं म्हणतात. पण तुमची गाय लोकांनी पैसे देऊन न्यायची आहे आणि तिचे दात बैठकीतून वर आलेत. इस्पितळातल्या माणसांना आधीच पुष्कळ दुखतंय. त्यांच्या नावाने आणखी कुणाला टोचू नका. धर्माच्या नावावर काहीही खपतं, कारण घेणारा भिडेपोटी तक्रार करत नाही. तुमच्या शाळेतल्या कवायतीला पालक टाळ्या वाजवायचे, त्यातलाच प्रकार.

व्याहीबुवांना माझा नमस्कार आणि सहानुभूती कळवा. त्यांना उभ्याने जेवायची सवय करायला सांगा.

जावईबापूंच्या दातृत्वाबद्दल ऐकून बरं वाटलं. कन्या मात्र खुर्च्यांबद्दल काही बोलली नाही. हल्ली फोन केला की बरी आहे, कामात आहे, एवढं सांगून ठेवून देते. माझी हयात विमा कचेरीत क्लेम तपासण्यात गेली, त्यामुळे कमी बोलणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. तुमच्याबद्दल तो कधीच आला नाही.

कळावे. लोभ आहेच, स्क्रू जपून लावा.

आपली,
विहीण


दि. २५ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाई यांस,

स. न. वि. वि.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, एवढंच तुमच्या पत्राला उत्तर. माझ्या खुर्च्या आता खाली वर दोन्हीकडून गुळगुळीत आहेत.

घासायचं विजेचं मशीन घेतलंय. सकाळी चहा झाला की सुरू करते. हे कानात बोळे घालून वरच्या खोलीत बसतात आणि अधूनमधून खाली येऊन काहीतरी म्हणतात, ते ऐकू येत नाही.

मुलांनी तर माझी झोळी भरून टाकली आहे. खुर्च्यांमागून जेवणाचं टेबल आलं, मग पुस्तकांचं कपाट आणि सूनबाईंचं लिहायचं टेबल. सूनबाई स्वतः फोन करतात आणि टेम्पो कधी पाठवू विचारतात. हल्लीची पिढी कमी सामानात राहते म्हणे. सोफ्यावर जेवायचं, जमिनीवर गादी टाकायची. मला हे फार आवडलं. आपण जन्मभर सामान साठवलं आणि धूळ पुसली.

आणि आता मुख्य बातमी. गेल्या आठवड्यात त्यांचा सागवानी पलंग आला. विक्री भरवणाऱ्या आमच्या मंडळातल्या बायका म्हणाल्या, दुहेरी पलंग कोण विकत घेतंय. मी म्हटलं, बघाच. उशाकडची फळी मधोमध कापली आणि तिच्या दोन पाठी केल्या. बाजूच्या पट्ट्यांची बैठक. एका पलंगाची दोन बाकडी झाली. रेघ जरा तिरकी गेली, पण रंग दिल्यावर कळणार नाही. माझ्या हातून इतकं सुंदर काही आजवर झालं नव्हतं. या वेळी थोडं कौतुक करा. टोमणे पुढच्या पत्रात चालतील.

लोभ असावा, निदान बाकड्यांवर.

आपली,
विहीण


दि. ३ मार्च

सौ. विहीणबाई यांस,

न. वि. वि.

करवत खाली ठेवा आणि मग वाचा.

तुमचं पत्र मी नोकरीत असल्यासारखं वाचलं. खुर्च्या, टेबलं, कपाट, पलंग. आग नाही, पूर नाही, चोरी नाही, आणि घर रिकामं होतंय. असा क्लेम माझ्याकडे आला असता तर मी स्वतः जागा बघायला गेले असते. तशी मी काल गेले, न कळवता.

चहा तिने केला, कप त्याने विसळले. दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होते. नवराबायको असं बोलत नाहीत, बँकेत बोलतात असं. मी उठून आतल्या खोल्या पाहिल्या. एकीत त्याची गादी, दुसरीत तिची.

ते वेगळे होताहेत, विहीणबाई. भांडण नाही, तिसरं माणूस नाही, व्यसन नाही. जमत नाही, एवढंच कारण, आणि तेही दोघांनी अर्धं अर्धं सांगितलं. वकील झाला, कागद झाले. जूनआधी जागा सोडायची आहे. सामानाचं काय करायचं हा प्रश्न होता, आणि तुम्ही टेम्पो घेऊन दारात उभ्या होतात.

सासूबाईंना का सांगितलं नाहीस, असं मी कन्येला विचारलं. ती म्हणाली, सांगायला म्हणूनच दर वेळी फोन लावायची. पण तुम्ही इतक्या खुशीत विचारायचात, आता पुढचं काय पाठवतेस, की खरं बाजूला राहायचं आणि तोंडून कपाट निघून जायचं.

लोकांच्या घरी संसार मोडतो तेव्हा भांडी तरी वाजतात. आपल्या मुलांचा मोडला तो तुम्ही पॉलिश मारून विक्रीला लावलात. हे मी रागाने लिहितेय आणि खोडणार नाही.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

विहीण


दि. ९ मार्च

श्रीमती विहीणबाई यांस,

स. न. वि. वि.

तुमचं पत्र लागलं. लागावं म्हणूनच लिहिलंत, तेव्हा अभिनंदन.

तुमच्या कन्येच्या तोंडून कपाट तरी निघालं. आमच्या चिरंजीवांनी नुसता टेम्पोवाल्याचा नंबर पाठवला. पोरांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखणारी बाई म्हणून सगळी शाळा मला टरकून असायची. घरातलीच दोन माणसं मला संसार सुटा सुटा करून पाठवत होती आणि मी पोच देत होते. आमच्या ह्यांना आधीच शंका होती म्हणे. मी दोनदा सांगायला खाली आलो, असं ते म्हणाले, पण तुझं मशीन चालू होतं. मी त्यांच्यावर ओरडले. मग आम्ही दोघं त्या बाकड्यावर नुसते बसून राहिलो. बाकडं चांगलं झालंय हो, कुरकुरत नाही.

आता ऐका. मी पलंग परत जोडणार आहे. खालून लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट, वरून फटीत भुशाची भराई. मोडला माझ्या हातून, तर जुळेलही माझ्याच हातून. जोडून थेट त्यांच्या घरी पाठवते. तुम्ही कन्येशी बोला, मी चिरंजीवांना धरते. दोन खमक्या बाया मागे लागल्यावर दोन पोरं किती टिकतील. हसू नका. मला दुसरं काही सुचत नाही, आणि हातावर हात ठेवून बसणं मला येत नाही.

आपली,
विहीण


दि. २३ मार्च

सौ. विहीणबाई यांस,

स. न. वि. वि.

जोडलेल्या पलंगाचा फोटो पाहिला. करवतीने खाल्लेलं लाकूड परत येत नाही. गादी बाहेर लोंबतेय, उशाकडची नक्षी एका बाजूला चढलीय, आणि मधल्या पट्टीवर जो झोपेल त्याला सकाळी आधी हाडवैद्य लागेल, वकील नंतर. तुम्ही हसू नका म्हणालात. मी हसले. मग फार वेळ तो फोटो बघत बसले.

कन्येशी बोलले. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, तुला आम्ही सुखी हवे आहोत की एकत्र. असले प्रश्न विचारायला मी तिला शिकवलं नव्हतं, तुमच्या चिरंजीवांच्या संगतीत शिकली असेल. मला दोन्ही हवं होतं. जावईबापू तुम्हाला काय म्हणाले ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यावरून कळलं.

तेव्हा विहीणबाई, पलंग सोडा. आपण हरलो.

आता गंमत पुढेच आहे. दोघांनी एकेका खोलीची जागा भाड्याने घेतलीय, आणि दोन्ही खोल्या रिकाम्या. कन्या मला विचारते, सासूबाईंकडून ते लिहायचं टेबल तसंच मिळेल का. चिरंजीवांनीही तुमच्याकडे एक बाकडं मागितलं असणार, पैज लावते. मी तिला साफ सांगितलं, धर्म गरजूंसाठी असतो. जिन्यात झोपणारी माणसं वाट बघताहेत. ज्यांनी भरलं घर हौसेने रिकामं केलं त्यांनी विक्रीला यावं, रांगेत उभं राहावं आणि रोख मोजावेत. तुम्ही विरघळाल हे मला माहीत आहे, म्हणून त्या दिवशी गल्ल्यावर मी बसते.

लोभ असू द्या. सूट मिळणार नाही.

आपली,
विहीण


दि. ३० मार्च (कार्ड)

श्रीमती विहीणबाई यांस, स. न. वि. वि. पैज जिंकलात. गल्ला तुमच्या हाती. पलंग परत कापला. या वेळी रेघ सरळ आली. — विहीण


दि. २१ एप्रिल

सौ. विहीणबाई यांस,

स. न. वि. वि.

मायना लिहिताना पेन अडलं. कोर्टाचा कागद हातात पडला की आपण एकमेकींच्या कुणी राहणार नाही. तरी विहीणबाईच लिहिलंय. कोर्टाने कागद त्या दोघांना द्यावा. मला कुणी विचारलेलं नाही.

विक्रीच्या दिवशी मुलं सभागृहाच्या दारात दिसली आणि तुम्ही रंगाचे डबे आणायच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेलात, त्या झाडलोट होईपर्यंत बाहेर आलाच नाहीत. शाळा तपासायला अधिकारी आले तेव्हाही असंच करायचात का, एकदा विचारायचंय. झालं ते सांगते.

दोघं वेगवेगळी आली आणि रांगेत मागेपुढे उभी राहिली. त्याने तिची पिशवी धरली, सवयीने. मग लक्षात येऊन परत दिली. तिने टेबल घेतलं, त्याने एक बाकडं. दुसरं बाकडं तिला कुणीतरी दाखवत होतं, तर ती नको म्हणाली, ते नको. जावईबापूंनी मला विचारलं की घरच्यांना काही कमी होईल का. मी म्हटलं, कुठल्या घरच्यांना. चेहरा उतरला त्याचा. मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. पूर्ण किंमत घेतली. सुटे परत घेताना तो मला आई म्हणाला, जसा नेहमी म्हणतो तसा. पैसे मोजताना मी चुकले, कन्येनेच दुरुस्त करून दिले.

बाकडं जड, एकट्याला उचलेना. एका बाजूने त्याने धरलं, दुसऱ्या बाजूने तिने. पायऱ्यांवर तो तिला म्हणाला, सांभाळून, आणि ती कशाला तरी हसली. मी गल्ला सोडून दारात जाऊन उभी राहिले. मूर्खासारखी आशा केली. बाकडं गाडीत चढलं, दोघांनी हात झटकले, आणि ती टेबल घेऊन दुसऱ्या गाडीत बसली.

घरी येऊन मी खूप रडले. तुम्हीही मागच्या खोलीत तेच करत होतात, डब्यांचं निमित्त मला पटलेलं नाही.

एक काम तुमच्यावर टाकते. कन्या तुम्हाला फोन करायला घाबरते. नवरा सुटला याची तिने तयारी केली होती. सासूही सुटली असं ती धरून चाललीय, आणि त्याची तयारी तिच्याकडे नाही. त्यात मी काही करू शकत नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

शनिवारी येते. दुसरं बाकडं खपलं नाही, पाठीचा रंग सोलून पुन्हा करू. मला करवत देऊ नका, घासायचं काम द्या.

लोभ आहे. त्याला कोर्टाची तारीख नाही.

आपलीच,
विहीण


दि. २४ एप्रिल

चि. पोरी हिस,

अ. उ. आ.

तुला पूर्वी चि. सौ. सूनबाई लिहायचे. आता काय लिहायचं ते कुणी शिकवलेलं नाही, म्हणून पोरी लिहिलं. आवडलं नाही तर कळव.

तुमचा संसार तुम्ही मोडलात, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्या मुलाची बाजू घेणार नाही, तुझीही घेणार नाही. पण पलंगाबद्दल बोलणार. वेळेवर एक शब्द बोलली असतीस तर एक उत्तम सागवानी पलंग वाचला असता. तो मी दोनदा कापलाय.

तुझ्या आईने लिहिलंय की खरं सांगायला फोन करायचीस आणि कपाट देऊन टाकायचीस. मी ते वाचून आधी तुझ्यावर चिडले. मग वाटलं, एवढी चार-पाच वर्षं तू हो आई, बरं आई म्हणत आलीस, त्यातल्या किती वेळा तुला दुसरंच काही म्हणायचं होतं, देव जाणे. आमटी बिघडली असेल तरी छान म्हणायचीस. मला ते खरं वाटायचं.

आता तू माझी सून नाहीस. म्हणजे मला घाबरायचं कारण उरलं नाही. रविवारी ये. एकटी ये, सामान काही आणू नकोस. समोर बसून जे जे म्हणायचं राहिलंय ते सगळं मला तोंडावर म्हण. मी बहुतेक चिडेन. चिडले तरी उठून जाऊ नकोस.

मला तुझी आठवण येते.

तुझी,
कोण ते तू ठरव