बाबांना येणारा वास

शारजा, अल मजाज
नोव्हेंबर १९९९

प्रिय इरा,

हे फोनवर सांगता येत नाही. फोन हॉलमध्ये आहे, आणि तुझा आवाज आला की बाबा रिसीव्हरला कान लावून उभे राहतात. आत्ता ते रस्त्यावर आहेत. दुबईला ऑफिसात पोचले की फोन करायचा, असं हल्ली मी त्यांना बजावलं आहे. "नवीन लग्न झाल्यासारखी वागतेस," म्हणून हसतात, पण करतात. तो फोन येईपर्यंत मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेतली, ठेवून दिली. लिहिताना निदान हात तरी चालतो. मला त्यांची काळजी वाटते आहे, इरा. ती कुठून सुरू झाली ते आधी सांगते.

गिझरपासून सुरू झाली. उन्हाळ्यात आपण तो बंद ठेवतो, तुला ठाऊक आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की निळ्या नळाखाली हात धरवत नाही. मग लाल नळ सोडायचा आणि बंद गिझरमध्ये निवलेलं पाणी आंघोळीला घ्यायचं. इथे नव्याने आलेल्या प्रत्येक बाईला शेजारीण पहिल्यांदा हेच शिकवते. यंदा तुझ्या अ‍ॅडमिशनसाठी आपण पुण्यात राहिलो आणि ते पाणी सगळी सुट्टीभर तसंच कोंडून राहिलं. परत आल्यावर बाबांना बाथरूममध्ये कुजक्या अंड्याचा वास यायला लागला. कधी यायचा, कधी नाही. मला येत नव्हता. तन्मय म्हणाला, "बाबा, यू आर स्मेलिंग युअर ओन मुस्टाश." आम्ही दोघं पोट धरून हसलो.

बाबांनी मात्र इंजिनियरसारखं काम केलं. सकाळी कुणी नळ सोडण्याआधी एक बाटली लाल नळाची भरली, एक निळ्याची, आणि झाकणं लावून आमच्यासमोर ठेवली. आम्हाला डोळे मिटायला लावले. लाल नळाची बाटली उघडल्याबरोबर तन्मय उठून पळाला. कोंडलेलं कोमट पाणी आणि गिझरच्या आतली धातूची कांडी, दोन्ही मिळून तो वास तयार होत होता. पाणी रात्रभर साचलं की वास, वाहून गेलं की गायब. त्यांनी गिझर दिवसभर पूर्ण तापवला, रिकामा केला, कांडी बदलली. वास गेला. बिल्डिंगभर त्यांचं नाव झालं. वरच्या मजल्यावरच्या मैमुनाबी, आपल्या चिपळूणच्या, दारात येऊन म्हणाल्या, "राजनभाऊ, तुमचं नाक जरा आमच्याकडे पण घेऊन या." ते खरंच गेले. फ्रीजमागे पडलेला बटाटा शोधून आले. त्या आठवड्यात ते किती खूश होते, तुला सांगता येणार नाही.

त्यामुळेच, दुसरा वास आला तेव्हा आम्ही कुणी हसलो नाही.

हवा थंड झाली होती, गिझर नेहमीसारखा चालू केला होता. दाढी करताना बाबा थांबले. म्हणाले, रबर जळतंय. मी धावत गेले. मला वास आला नाही. पण मागच्या वेळीही आला नव्हता. मेन्टेनन्सच्या लियाकतला बोलावलं. त्याने छताची फळी काढून वायरी तपासल्या, थर्मोस्टॅट बदलला. दोन दिवस बरे गेले. पुन्हा वास. मग कॉइल बदलली, मग अख्खा गिझर नवा आणला. पुन्हा वास. बाबांनी मेन स्विचच बंद केला, आम्ही गॅसवर पाणी तापवायला लागलो, तरी वास. मग म्हणाले, वरच्या मजल्यावरून बाथरूममागच्या शाफ्टमधून उतरत असणार. मैमुनाबींनीही आपला गिझर बंद केला. बिचाऱ्या आठवडाभर गार पाण्याने आंघोळ करून शिंकत होत्या. लियाकत जाताना मला म्हणाला, "भाभीजी, हीटर तो खलास, अब बिल्डिंग ही बदल डालें?" मी हसले. दार लावलं आणि तिथेच उभी राहिले.

फोन आला. पोचले. आता संध्याकाळपर्यंत बरं आहे.

तोवर मी गिझरकडे पाहणं सोडलं होतं, त्यांच्याकडे पाहत होते. वास येतो तेव्हा ते थांबतात. हातातलं काम हातातच राहतं. तोंड हलतं, काही चघळत असल्यासारखं. उजव्या हाताची बोटं शर्टाचं बटण चाचपत राहतात. हाक मारली तर उत्तर येत नाही. मग एक श्वास घेतात, आणि विचारतात, "आला ना?" मधला वेळ त्यांच्या लेखी झालेलाच नसतो. एकदा चहा पेला भरून वाहिला, बशीत, टेबलावर, खाली. हातातला थर्मास तसाच तिरपा. नंतर मलाच म्हणाले, "प्रमिला, हे कुणी सांडलं?"

एका शुक्रवारी लगूनच्या कडेने फिरायला गेलो होतो. समुद्राकडून वारा होता, मुलं सायकली फिरवत होती. बाबा कठड्याला धरून थांबले. तोंड हललं. म्हणाले, "आला." मी चारी बाजूंना पाहिलं. पाणी, खजुराची झाडं, आईस्क्रीमची गाडी. तिथे गिझर नव्हता, शाफ्ट नव्हता. ते म्हणाले कुणीतरी टायर जाळतंय. तन्मय माझ्याकडे पाहत राहिला.

त्यानंतर गाडीत झालं. दुबईच्या रस्त्यावर सिग्नल हिरवा झाला आणि गाडी हलेना. मागे हॉर्न. मी त्यांचा दंड धरून हलवला. ते पुढे पाहत होते. मग एकदम भानावर आले, गियर टाकला, म्हणाले, "गाडीच्या एसीत पण शिरलाय बघ." दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला. तिथे काय सापडणार? आता नवी गाडी घ्यायचं चाललंय. सिग्नल होता म्हणून गाडी उभी होती, इरा. पुढचा सगळा रस्ता ती उभी नसते.

मी दुबईत ऊद मेथाला एका डॉक्टरीणबाईंकडे एकटी जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, माणसाला न बघता मी ठाम सांगणार नाही, पण हा नाकाचा दोष वाटत नाही. मेंदूत छोटासा झटका येतो तेव्हाही असा वास येऊ शकतो. स्कॅन करायला हवा. औषध असतं. आणि तोपर्यंत गाडी अजिबात नाही.

मी घरी येऊन ते सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "अंड्याचा वास येत होता तेव्हाही तुम्ही मला वेड्यात काढलं होतंत. शेवटी कोण बरोबर निघालं?" एकदा बरोबर ठरलेल्या माणसाला कसं समजवायचं? शिवाय ऑफिसात कळलं तर, लायसन्स गेलं तर, व्हिसा वाढवून नाही दिला तर, असं ते मोठ्याने बोलत नाहीत, पण मला ऐकू येतं. तन्मयला मी स्कूल बसला घातलंय. त्याचा त्यांना राग आला. मी गाडीत बसणार नाही म्हटलं, तर म्हणाले, "ठीक आहे, टॅक्सीने ये," आणि किल्ली घेऊन निघून गेले. एकटे. म्हणून आता मी बसते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत बोलत राहते, उत्तर येतंय ना पाहत. सकाळी ऑफिसला जातात तेव्हा तेही करता येत नाही.

मैमुनाबींचा भाऊ मुंबईला चाललाय, तो हे पत्र तिथून तुला कुरिअर करील. तुला घाबरवायला लिहीत नाहीये. तू डिसेंबरात येशील तेव्हा विमानतळावर बाबा घ्यायला येतील, गाडी धुऊन, तासभर आधी. तू त्या गाडीत बसू नकोस. आधी डॉक्टर, मग घर, असं सांग. चिडतील, लोकांसमोर आवाज चढवतील, माझ्यावर घसरतील. चढवू देत. बॅगेवर बसून राहा, हवं तर रड. डॉक्टरीणबाईंची वेळ मी घेऊन ठेवली आहे आणि मी टॅक्सी थांबवून बाहेरच असेन. मला मागे सोडून ते निघून जातात, ते मी पाहिलंय. तुला सोडून नाही निघणार.

तुझीच,
आई