प्रमोदिनीबाईंची अलाबला

५ जानेवारी
पोचले एकदाची! अड्यारच्या या वृद्धाश्रमात आठ आज्या, स्वयंपाकाची अक्का, एक लठ्ठ मांजर आणि आता सहा महिन्यांसाठी मी, सांगलीची ऊर्मी. फुकट राबायला एवढ्या लांब कशाला, म्हणून आईनं स्टेशनवरही गाल फुगवले होते. पण जाहिरातच तशी होती: मराठी बोलणारी स्वयंसेविका हवी. चेन्नईत! आश्रम चालवणारे बालाजीराव तंजावरकडचे मराठी. शब्द जुन्या पोथीतले आणि हेल अस्सल तमिळ. मला सारखं हसू फुटतं. नाश्त्याला पोंगल हाणलं, वर दोनदा कॉफी. चैन आहे बाई माझी.

६ जानेवारी
माझ्याकडे बालाजीरावांची आई, प्रमोदिनीबाई. वय ब्याऐंशी. डावं अंग लुळं, वाचा गेलेली, डोळे मात्र टकामका. वेणी घातली, मोगरा माळला. इतक्या गोड दिसल्या, की घरच्यासारखी अलाबला घेतली: तोंडावरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हटलं, तुमची इडापिडा सगळी मला! दहाही बोटं कडाकडा वाजली. बालाजीराव दारात होते. म्हणाले, रोज करत जा, आईला उतार पडेल.

९ जानेवारी
रोज करते. आणि काय सांगू, आज बाईंच्या डाव्या पायाचा अंगठा हलला! अक्का नाचायचीच बाकी होती. माझ्या पायाला मात्र मुंग्या येतात. खाली बसून भाजी चिरायची सवय मोडलीय, दुसरं काय.

१३ जानेवारी
डावा पाय उचलत नाही. बालाजीरावांनी दवाखान्यात नेलं. सगळे रिपोर्ट चांगले. दगदग झाली, म्हणाल्या डॉक्टर. दुपारी बाई काठी टेकत माझ्या कॉटपाशी आल्या आणि तोंड पुढे केलं. नाही कसं म्हणणार? मोडली बोटं.

१५ जानेवारी
पोंगलचा सण. बाई अंगणात वाकून रांगोळी घालत होत्या. त्यांच्या आवाजातलं गाणं इथवर येत होतं.
अक्का मोडक्या हिंदीत बोलली. माझ्याआधी सुष्मिता नावाची मुलगी होती, ती इथल्याच, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या कुमुदिनीबाईंची अलाबला घ्यायची. कुमुदिनीबाई तर आता रोज बागेत फिरतात. मग सुष्मिता कुठंय, विचारलं. याच कॉटवर, महिनाभरात गेली, म्हणाली.

१६ जानेवारी
बोटं मोडणं बंद. तरी डावा हात गेला. बाई फिरकत नाहीत.
बालाजीरावांना जाब विचारला. मान खाली घालून म्हणाले, तोंडानं मागून घेतलेलं टाकता येत नाही. कुणी मायेनं घेतलं तरच जातं.
मग म्हणाले, तुझ्या आईला कळवलंय.

१८ जानेवारी
वाचा बसली. आई निघालीय. मला बघितल्याबरोबर ती काय करणार, ते ठाऊक आहे मला. साधा ताप आला तरी करते.
उजव्या हातानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: आई, बोटं मोडू नकोस. मरायचं तर मी मरेन. फार भीती वाटते. मला मरायचं नाहीये.

१९ जानेवारी
आली. रडतेय नुसती. कागद पुढे केला — चष्मा बॅगेत — मी मान हलवतेय, नको, नको — तिला वाटतं मी हुंदके देतेय — तोंडावरून हात — कडाकडा —

घसा सुटला. आता नको म्हणता येईल.
आई म्हणते, डाव्या पायाला मुंग्या आल्या, गाडीत अवघडला असेल. पुन्हा हात वर करतेय.
नको म्हणायचं. म्हणते.
पाय हलला माझा — थोडासाच — आधी नीट हलू दे, मग म्ह—