लांबोड्याचं पाणी

१४ मे

बाबा आजपासून माझ्याशी बोलणार नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं नाही – किटलीला सांगितलं. मी शेजारीच उभी होते, हातात दुधाचं भांडं. "किटले, हिला सांग, क्लेमंट सेटचेलला आता मुलगी नाही. आणि साखर दोन चमचे."

कारण सकाळी मी लांबोड्यात पाणी सोडलं. कालव्याच्या कडेचं आमचं तीन एकरांचं पट्टीसारखं शेत. पणजोबांनी दलदल उपसून काढलेलं. बाबांनी तर एक्केचाळीस वर्षं अख्ख्या पंचक्रोशीचा पंप चालवला – आयुष्यभर पाणी बाहेर, बाहेर, बाहेर! आणि पोटच्या पोरीने न्याहारीनंतर झडप उघडून ते आत घेतलं.

मला काय हौस होती? पण ही काळी माती कोरडी पडली की विरते. वारा सुटला की उडते. जमीन दर वर्षी बोटभर खाली. बाबांच्या लहानपणी आमच्या दाराला एक पायरी होती, आता चार आहेत. निसर्ग खात्याची योजना आली – तीन एकर ओलं ठेवा, पाणकणीस लावा, पाखरं परत येऊ द्या. बाकीच्या शेतात सेलरी, बटाटे चालू देत. सप्टेंबरात तपासणी. पाणी टिकलं तर पुढे, नाहीतर सगळं पुन्हा उपसायचं. मी सही केली.

परवा गावच्या सभेत बाबा उभे राहून गरजले, "लांबोड्यात पाणी शिरेल ते माझ्या मढ्यावरून!" केवढ्या टाळ्या! आता पाणी शिरलंय आणि बाबा ठणठणीत आहेत. दोघांचीही पंचाईत.

१५ मे

किटली गप्प. साखर मीच घातली.

२ जून

पाणकणसाची रोपं लावून झाली. चार दिवस गुडघाभर चिखलात. कंबर गेली. डेनिस – शेजारचा बटाटेवाला – बांधावर हाताची घडी घालून बघत होता. "याचं करतात काय गं, ग्लेन?" म्हटलं, बोंडातला कापूस निघतो, तो जाकिटांत भरतात, उशांत भरतात. डेनिसने ते घरी जाईपर्यंत दहा जणांना सांगितलं असणार.

कारण जेवताना बाबा किटलीला – "यापुढे भूक लागली की उशी खायची, असं ठरलंय म्हणे."

खरं लिहायचं तर ते चुकीचं नाही बोलले. मी पण खाण्याचंच पिकवत आले की तीस वर्षं.

१९ जून

सहाला लांबोड्यावर गेले – पाणी वीतभर उतरलेलं! काल दुपारी काठोकाठ होतं. आणि बांधाच्या कोपऱ्यावरच्या पंपाच्या खोलीतून इंजिनाची धडधड. दाराला आतून कडी. हाका मारल्या. धडधड वाढली.

न्याहारी करून मी झडप पूर्ण उघडली. दुपारी बघते तर पुन्हा काठोकाठ. बरं तर बरं!

२२ जून

रोज तेच. सकाळी ते उपसतात, मग मी भरते. एकाच घरातला एक जण पाणी काढतोय, दुसरी ओततेय, मधल्या मधे डिझेल जळतंय. वेड्यांच्या इस्पितळातसुद्धा यापेक्षा बरी शिस्त असेल.

आज थेट विचारलं – "बाबा, हे किती दिवस चालवणार?" त्यांनी किटलीचं झाकण उचललं, आत वाकून सांगितलं, "ज्यांना पाणी राखता येत नाही त्यांनी पाण्याच्या गप्पा मारू नयेत." झाकण लावलं. वर एक टिचकी.

५ जुलै

फेम्का आली होती. हॉलंडची पोरगी, पाण्याचा अभ्यास करते, योजनेने पाठवलेली. लांबोड्यात तिने पाइप रोवलेत, आत पाणी मोजणारं यंत्र. पळतच आली. "ग्लेनिस! तुमच्या शेताला भरती-ओहोटी येते!"

समुद्र इथून तीस मैलांवर. म्हणाली, जमिनीखालून काहीतरी जोडलेलं असणार, अशी नोंद कुठेच नाही, यावर मोठा निबंध होईल. गाल लाल झालेले. आता हिला काय सांगू – की ओहोटी शहाऐंशी वर्षांची आहे आणि सकाळी दोन उकडलेली अंडी खाते? योजनाच रद्द व्हायची!

आलेख दाखवला तिने. "हे बघा, सहाला पाणी चढायला लागतं, नऊपर्यंत पूर्ण." मी म्हटलं, बाई, कागद उलटा धरलायस, सहाला उतरतं. तिने कागद फिरवला. मग मी फिरवला. दोघींनी मिळून फिरवला. शेवटी चहा घेतला.

१४ जुलै

चाळीस दिवस थेंब नाही. फेब्रुवारीत याच रस्त्यावर होडी चालवली होती, आज तिथे धूळ घोट्यापर्यंत.

आणि आज फर्मान निघालं – कालव्यातलं पाणी पिकांना घ्यायला बंदी. मात्र पाणथळ जागांचे परवाने चालू राहतील! म्हणजे पाणकणसाला पाणी पाजा, बटाट्याला पाजाल तर गुन्हा. मी डेनिसला दोनदा वाचून दाखवलं. तो आपल्या शेताकडे वळला. पाला कडेने करपलाय. "ग्लेन, माझ्या बटाट्यांना पिसं लावली तर चालेल का गं?" म्हणाला. हसला नाही.

जाता जाता – "कालवा इतका उतरलाय, तुझ्या झडपेचा पाइप उघडा पडला असेल."

"मग माझ्या शेतात रोज दुपारी पाणी कोण आणतं? तुझे बटाटे?" मी पण चिडलेच.

एक मात्र खरं – आमची सेलरी बांधापलीकडे हिरवीगार उभी आहे. अख्ख्या गावात एकटी! डेनिसला म्हटलं, खुरपणी वेळेवर केली की पीक तग धरतं. (दोन खुरपण्या चुकल्यात. इथे तरी खरं लिहावं.)

२३ जुलै

क्रौंचांची जोडी उतरली! उंच, राखाडी, माथ्यावर लाल टिकली. या गावात कुणाच्या आज्यानेही पाहिली नव्हती. बातमी फुटली आणि पस्तीस माणसं दुर्बिणी घेऊन बांधावर. मी माहिती देत होते तेवढ्यात पंपाच्या खोलीचं दार उघडून बाबा बाहेर. कोपरापर्यंत तेलाने काळे.

एका बाईंनी मोठ्या प्रेमाने विचारलं, "आजोबा, तुम्ही इथे काय करता?"

"विरोध," बाबा म्हणाले आणि परत आत गेले.

बाईंनी वहीत लिहून घेतलं.

३० जुलै

आज किल्ली काढून घेतली.

पाखरं बसलीत, तपासणीला महिना राहिलाय, आणि सकाळी पाणी पुन्हा वीतभर खाली – डोक्यात सणक गेली. बाबा बूट काढत होते. मी सरळ त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला. सत्तावन्न वर्षांची बाई, बापाचे खिसे तपासतेय! "बास झालं," म्हटलं. "तुमची दलदल तुम्ही उपसलीत. आता हे माझं शेत आहे."

अडीच महिन्यांनी प्रथमच त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. वाटलं, आता बोलतील. मिटलं.

दहाच्या बसने गेले. स्पॉल्डिंगला, एव्हिस आत्याकडे. एका हातात बॅग, दुसऱ्यात किटली.

३१ जुलै

चहा पातेल्यात केला. घर कसं शांत. आता काय पाणी उतरतंय बघतेच!

१ ऑगस्ट

वीतभर खाली. इंजिन बंद, किल्ली माझ्या गळ्यात, झडप सताड उघडी. दुपारीही खालीच.

ऊन असेल.

३ ऑगस्ट

दोन विती. मधे मधे चिखल दिसायला लागला. फेम्का पाइपात डोकावत म्हणाली, "भरती आलीच नाही." अशा आवाजात, जसं कुणी गेलंय. क्रौंच दिवसभर कोपऱ्यातल्या डबक्याशी उभे.

५ ऑगस्ट

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी सेलरीने मान टाकलेली. रातोरात नाही, तीन दिवस टाकत होती, मी लांबोड्याकडे बघण्यात गुंग. मग एकेक गोष्ट बघत गेले, आधीच बघायला हवी होती तशी.

आधी झडप. कालव्याच्या बाजूला उतरून गवत बाजूला केलं. पाइपाचं तोंड कोरडं ठणठणीत. आत कोळ्याचं जाळं – कालपरवाचं नाही, पोरंबाळं झालेलं. पाणी त्याच्या हातभर खाली. म्हणजे कित्येक आठवडे मी रोज सकाळी झडप उघडून फक्त हवा आत सोडत होते.

मग बांध. सेलरीच्या बाजूने चालत गेले. एका जागी गवत हिरवं, जमीन अजून ओलसर. सहा बिळं, आरपार. पाणउंदीर! दुर्मिळ, त्यांच्या केसालाही धक्का लावायचा नाही असा कायदा. खात्यात फोन लावला – बिळं बुजवू का? पलीकडचा माणूस ओरडलाच, "पाणउंदीर आहेत? अभिनंदन! हात लावू नका!"

मग पंपाची खोली. जूनपासून पहिल्यांदा आत पाय ठेवला. दोन्ही नळ्या उलट्या जोडलेल्या. ओढणारी कालव्यात, फेकणारी लांबोड्यात.

बाबा उपसत नव्हते. भरत होते.

लांबोडं रोज बिळांतून गळत होतं, आणि बाबा रोज सहाला येऊन ते पुन्हा भरत होते. भिंतीवर खडूने ओळीने लिहिलेलं, त्या ठसठशीत पंपवाल्या अक्षरात –

१७ जून. बांधात बीळ. वीतभर गेलं. भरलं.
१४ जुलै. पिकाला बंदी. सेलरीला पाझर पुरतो. जास्त भरलं.
२३ जुलै. क्रौंच दोन. इंजिन हळू.

इंजिन हळू! डिझेलच्या पिंपावर बसले आणि सगळ्या तारखा पहिल्यापासून वाचल्या.

नंतर हँडल मारून बघितलं. चाळीस वेळा. इंजिनाने मला ओळखही दाखवली नाही.

६ ऑगस्ट

स्पॉल्डिंगला जाऊन आले. एव्हिस आत्याने दार उघडलं ते हात जोडूनच. "ने गं बाई याला! आठवडाभर माझ्या मोरीला नावं ठेवतोय."

बाबा परसात, आत्याच्या गटाराचा उतार काठीने मोजत. मी किल्ली पुढे केली. घेतली नाही.

"सांगितलं का नाहीत?"

काठी हातभर पुढे सरकली. मग – मला नाही, आत्याला – "एव्हिस, हिला सांग, भरसभेत मढ्यावरून म्हटलं होतं. आता काय गावात सांगू, की क्लेम सेटचेल सहाला उठून पाणी आत घेतो?"

"मग घेतलंत कशाला!"

"गळकं काम बघवत नाही." काठी मातीत रोवली. "आत घ्यायचं तर आत राहायला पाहिजे. बिळं दिसली, बुजवणार होतो. मग बघितलं, पाणी सेलरीत उतरतंय. म्हटलं, असू दे. सेलरीला पाणी द्यायची माणसाला बंदी आहे, उंदराला नाही."

आत्या एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मला रडू फुटलं आणि हसूही. मी माफी मागितली. खिशात हात घातल्याची, आणि त्या 'माझं शेत'ची. ते नुसते मान हलवत राहिले, उताराकडे बघत. घरी चला म्हटलं, तर – "कुठल्या तोंडाने? रुसून गेलोय ना मी!"

गाडीत बसताना आत्या धावत आली. "तो म्हणतोय, आधी डावीकडची खिट्टी खाली, मग हँडल. आणि शिव्या दे म्हणतोय. त्याशिवाय सुरू होत नाही."

७ ऑगस्ट

सहाला खिट्टी खाली. तिसऱ्या शिवीला इंजिन लागलं. नऊला लांबोडं बोटभर चढलं. भिंतीवर तारीख घातली. खडू तिथेच होता.

११ ऑगस्ट

सेलरीचे मधले पोंगे उभे राहिले. कडेची पानं गेली ती गेली. फेम्काला खरं सांगून टाकलं. आधी गोरीमोरी झाली, मग विचारते, "मग हे रोज किती पाझरतं, मोजू का?" डेनिसचा पश्चिमेचा बटाटा मात्र संपला. आज नांगरून टाकला त्याने. मी बांधावर उभी होते.

१५ ऑगस्ट

बाबा आले. बॅग दारात टाकली आणि सरळ मला म्हणाले, "ग्लेन, डेनिसच्या कडेचं आपलं आठ एकर आहे ना, तेही पाण्याखाली घे. त्याच्या उरलेल्या बटाट्यांना तिकडून पाझर जाईल." मी बॅग उचलली. "पण त्याला गावची सभा घ्यावी लागेल बाबा. तिथे तुम्ही काय म्हणाल?"

"मी विरोधच करणार," म्हणाले. "तू नीट मांड. मी नीट हरतो."