मब्रूका मावशीचं दूध

उम्मी, तुझ्या दोन्ही हातांचे मुके.

मी बरी आहे. ट्यूनिसच्या इस्पितळातलं जेवण सपक, पण आतड्याची सूज उतरतेय. तिखट हरिसा चटणी मात्र कायमची बंद. जैतून उतरवून झाले का?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तान्हेपणी अंगावरचं दूध?" म्हटलं, "नाही, डब्याचं." म्हणाल्या, त्यानं धोका थोडा वाढतो, पण तेच कारण असेल असं नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

तुला दूध येत नव्हतं, तेव्हा शेजारची मब्रूका मावशी मला पाजायला तयार होती. पण मग तिचा नूरी माझा दूधभाऊ झाला असता, आमचं लग्न लावता आलं नसतं, म्हणून तूच नको म्हणालीस.

काल नूरी बायकोला घेऊन भेटायला आला होता. निघताना म्हणाला, "काही लागलं तर हक्कानं सांग. तू मला बहिणीसारखीच."

तुझीच,
सालहा